टॉवेलाखाली मोटारीचा भाव

सांगतो, सांगतो! पण आधी ते चहाचे कप खाली ठेवा बघू. मागच्या खेपेला ही फजिती सांगितली तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता आणि शर्ट माझा खराब झाला.

मुलगी बघायला गेलेला मुलगा लाजून खाली बघत बसतो, हे तुम्ही पाहिलं असेल. पोह्यांवर ताव मारणाराही पाहिला असेल. पण मुलगी बघायला जाऊन मुलीच्या बापाचा हात टॉवेलाखाली धरून बसलेला नवरदेव पाहिलाय कधी? नाही ना? मग बघून घ्या. तुमच्यासमोरच बसलाय!

ते सत्तरचं दशक. रॉकेलला रांग, साखरेला रेशनकार्ड. मी सांगलीत हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होतो. आमच्या पेठेत हळदीचा सौदा व्हायचा हत्त्यानं. म्हणजे काय, तर घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, हातावर टॉवेल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव सांगायचे. तोंडातून एक अक्षर नाही. जितकी बोटं दाबली तितका आकडा; पाचाच्या वर जायचं तर आधी अख्खा पंजा, मग उरलेली बोटं. आता तो आकडा दहाचा, शंभराचा की हजाराचा? ते समोरचा माल बघून ज्याचं त्यानं ओळखायचं. चेहरा मात्र दगडी ठेवायचा. भाव वाढला तरी तसाच, पडला तरी तसाच.

या विद्येत मी तयार होतो हो! इतका तयार की भाजीवालीनं वांग्याचा भाव सांगितला तरी माझा हात आपोआप खांद्यावरच्या टॉवेलाकडे जायचा. एकदा तर तिनं जोरात ओरडून लोक गोळा केले होते. ते जाऊ द्या.

मला दुसराही एक रोग होता. मोटारीचा. खऱ्या नव्हे, खऱ्या मोटारीत बसायची माझी ऐपतच नव्हती. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काचेच्या कपाटात वीतभर लांबीची एक लाल मोटार होती. चाकं फिरणारी, दारं उघडणारी, आत स्टिअरिंग! कंपाउंडर म्हणाला, "ही अशी अख्खी येत नाही. खोक्यात सुटे भाग येतात, विलायतेहून. आपण चिकटवून, रंगवून उभी करायची." झालं! त्या दिवसापासून मला खोकल्याशिवाय खोकला व्हायला लागला. आठवड्याला एकदा औषध घ्यायला जायचं, आ करून जीभ दाखवायची आणि तिरक्या डोळ्यानं मोटार बघायची. ते गुलाबी औषध इतकं प्यालो की विचारू नका.

मग मनात एकच घोळ सुरू झाला. समजा, असं खोकं कुठं मिळालंच, तर किती खर्च करायचा? पहिल्यांदा ठरवलं, दहा रुपये. खेळण्याला दहा म्हणजे पुष्कळ झाले! दुसऱ्या दिवशी वाटलं, दहात काय येतं? नुसतं खोकं येईल. मग पान बंद करून वीस झाले. सिनेमा बंद करून तीस. सायकलच्या टायरला आणखी एक ठिगळ लावायचं ठरवलं, चाळीसवर गेलो. शेवटी दिवाळीच्या कपड्यांवर पाणी सोडलं आणि पन्नासवर शिक्कामोर्तब केलं. आता यापुढे एक पैसा नाही! अशी मी स्वतःशीच शपथ घेतली. खोक्याचा अजून पत्ता नव्हता, हे लक्षात घ्या.

आणि अशात वाईहून स्थळ आलं.

मुलीचे वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. ऊस, शेती, घाटाजवळ घर. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गुळाच्या सौद्यात तराजू धरणारे तोलार होते. अतिशय सरळ माणूस. निघताना म्हणाले, "हे बघ, हुंडा घ्यायचा न्हाई. सुभेदार लय स्वाभिमानी हायत. हुंडा मागणारी दोन स्थळं त्येंनी दारातनं परत लावलीत. आपल्याला असं घर पुन्हा मिळायचं न्हाई. तिथं त्वांड उघडू नगंस." मी मान डोलावली. आणि खरं सांगतो, मी तोंड उघडलंच नाही. तिथंच तर घोटाळा झाला!

सातारला एसटी बदलून वाईला पोचलो. सोप्यात पाऊल टाकलं आणि मी चपला काढायच्याच विसरलो. समोरच्या फळीवर ओळीनं मोटारी! दवाखान्यातल्यासारखी एक नव्हे, अख्खी फळी भरून. काळी, निळी, पिवळी. आणि काय काम होतं महाराज! काडेपेटीच्या काडीपेक्षा बारीक स्टिअरिंग. सीटला खणाच्या कापडाचे तुकडे लावलेले, काठासकट. नंबरप्लेटवर इतकी सुबक अक्षरं की मुंगीनं चष्मा लावून वाचावीत. दवाखान्यातली लाल मोटार यांच्यापुढं टमटम वाटली मला. आणि रेडिओवर, अगदी माझ्या नाकासमोर, एक न फोडलेलं खोकं! वर हिरव्या, उघड्या टपाच्या मोटारीचं चित्र.

सुभेदार म्हणाले, "आमचं मेजरसाब विलायतेला जाऊन ऱ्हायल्यात. वर्सातनं येक खोकं धाडत्यात बगा."

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. जाडजूड, रापलेली बोटं. बंदूक चालवलेली ती बोटं एवढं नाजूक काम करतात! मनातल्या मनात मी त्यांना दोनदा सॅल्यूट ठोकला.

पुढं बोलण्याबोलण्यात सुभेदार म्हणाले, "आमचा म्हेवणा पलूसचा. हळद करतोय. त्येच्यासंगं म्याबी आलो हुतो तुमच्या पेठंत. हत्त्याला हात दिलाय की!"

बस्स! माझ्या हाताला मुंग्या आल्या. माणूस हत्ता जाणणारा, माल समोर, आणि दादांसमोर खेळण्याचा भाव तोंडानं विचारायची सोय नाही. देवानंच हा योग जुळवून आणला, दुसरं काय? एवढ्यात कुणीतरी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली. मी ती घेतली. नजर खोक्यावर. मग हळूच सुभेदारांच्या बाजूला सरकलो, खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि आत हात घालून खोक्याकडं बघत पाच बोटं दाबली. पाच. म्हणजे पन्नास!

आणि नेमक्या त्याच क्षणी दादा हात जोडून म्हणाले, "सुभेदारसाहेब, आमाला कायबी नगं. मुलगी आन् नारळ द्या, बास."

सुभेदारांनी एकदा दादांकडं बघितलं. एकदा टॉवेलाकडं बघितलं. चेहरा दगड!

वा! मी म्हटलं, काय कसलेला गडी आहे! पापणीसुद्धा हलली नाही. पन्नासला असला माल कोण देणार? चूक माझीच. मी शपथ मोडली आणि सहा दाबली.

दादा म्हणाले, "मानपानबी नगं."

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. अरे, हा तर पेठेतल्या मुरलेल्या व्यापाऱ्यांना पाणी पाजेल! कौतुकानं माझं मन भरून आलं. मी सात दाबली.

"भांडीकुंडीबी नगंत," दादा म्हणाले. "देवाच्या दयेनं घरात सगळं हाय."

सुभेदारांचा चेहरा तांबडा झाला. हात मात्र सोडवून घेतला नाही. हत्त्यात हात काढून घेतला नाही म्हणजे सौदा अजून जिवंत आहे! आठ दाबली. मग पुन्हा त्या हिरव्या मोटारीकडं बघितलं, जीव राहिला नाही, आणि डोळे मिटून नऊ दाबली. नव्वद रुपये! माझ्या पगारात उरलं काय तर बसचं तिकीट.

"फॉल-इन!"

सुभेदार असे ओरडले की दादा, मी आणि दारातली मांजर, तिघं एकदम उभे राहिलो. टॉवेल खाली पडला.

"त्वांडानं नारळ मागताय आन् टॉवेलाखालनं नऊ हजार?" सुभेदार गरजले. "पाचापासनं चढत चढत नऊवर आला तुमचा पोरगा! मी बगत हुतो कुटवर जातोय ते. उठा पावणं! एसटी हाय अर्ध्या तासानं!"

दादांचा चेहरा पांढराफटक. "कसलं नऊ हजार? काय केलंस रं?"

आता मी काय सांगणार? खरं बोलावं तर दादा तिथंच पायताण काढणार. न बोलावं तर लग्न मोडतंय, वर बापाची अब्रू जातेय. तोंडातून निघालं ते असं, "न्हाई, म्हणजे मी... मी आपला वाढवत होतो!"

"वाढवत हुता म्हणूनच सांगतोय की मी!" सुभेदार.

दादांनी टोपी हातात घेतली. आयुष्यभर ज्या माणसाच्या तराजूवर कुणी शंका घेतली नाही, तो माझ्यामुळं परक्याच्या सोप्यात चोरासारखा उभा होता. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. मान खाली गेली ती वर येईना.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला.

"आबा, थांबा जरा. हुंडा न्हाई मागितला ह्येंनी."

"तुला काय ठावं?" सुभेदार.

"मी पोहं दिलं तवा माझ्याकडं बगितलंबी न्हाई. बशी तिरकी धरली, निम्मं पोहं जाजमावर सांडलं, त्येचाबी पत्त्या न्हाई. डोळं सगळा येळ त्या रेडिओवरच्या खोक्यावर. आवं, मामा हळदीचा भाव करतो तसं मोटारीचा भाव करत्यात ते!"

मी खाली बघत होतोच. जाजमावर पोहे होते.

सुभेदार मटकन बसले. "मोटारीचा? नऊ?"

"नव्वद," मी जमिनीशी बोललो.

आता स्फोट झाला तो दादांचा. "नव्वद रुपयं? खेळण्याला? आरं, त्यापरीस नऊ हजार मागितलं असतंस तर लोकांनी निदान शाणा तरी म्हटलं असतं रं तुला!"

प्रसंग सावरावा म्हणून मी घाईघाईनं म्हणालो, "माफ करा सुभेदारसाहेब. पण तुमच्या हाताची कारागिरी बघून मी वेडा झालो. काय ती सीट! काय ती अक्षरं! तुमच्यासारखा कारागीर..."

"त्येंची न्हाई ती कारागिरी," दारातला आवाज म्हणाला. "आबांस्नी सुईत दोरा ओवता येत न्हाई. माझ्या हातच्या हायत त्या."

आता मला सांगा, मुलगी दाखवायच्या घरात भिंतीवर, फळीवर, खुंटीवर जे काही मांडलेलं असतं ते मुलीच्या हातचं असतं, हे कुणाला माहीत नाही? भरतकाम, मण्यांची तोरणं, विणलेले रुमाल! पाहुण्यांनी बघावं म्हणूनच मांडतात ना ते? शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं. आणि त्या घरानं किती सरळपणानं तोरणांच्या जागी मोटारी मांडल्या होत्या! आमच्या मुलीला हे येतं, बघा. मी बघितलं, आणि बापाचे हात दाबत बसलो.

आवाज पुढं म्हणाला, "आन् ते खोकंबी माझंच हाय. भाव करायचा तर माझ्यासंगं कराय पायजे हुता."

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसायला लागले होते. "मग कर की भाव. पडलाय बग टॉवेल हितं."

"असा कसा परक्या माणसाच्या हातात हात देऊ?" ती म्हणाली. बांगड्या वाजल्या आणि आवाज आत गेला. आतून तिच्या आईच्या हसण्याचा आवाज आला.

दादा गोंधळले. "म्हंजी हो म्हणायचं का न्हाई?"

"आवं, फौजंत हुतो मी, तरी मला कळलं," सुभेदार म्हणाले. "होच की! बसा, पुन्यांदा पोहं आणाय सांगतो. ह्या खेपंला पोराची बशी तुमी धरा."

सुभेदारांनी पाठीवर अशी थाप मारली की दोन दिवस खांदा दुखत होता. काय माणूस! घरी येऊन कुणी एवढा गोंधळ घातला असता तर मी तरी त्याला पुन्हा पोहे दिले नसते.

परतीच्या एसटीत दादांनी आधी दोघांची तिकिटं काढली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोरगी हुशार हाय. दिसायलाबी देखणी. तुला कशी वाटली?"

"छान आहे," मी म्हणालो.

धडधडीत खोटं! आधी खोक्याकडं बघत होतो आणि नंतर जाजमाकडं. दुसऱ्यांदा पोहे आले तेव्हाही मला दिसली ती फक्त पायातली जोडवी नसलेली बोटं. आता कुणाला सांगणार, की होकार देऊन आलो पण मुलगी कशी दिसते ते माहीत नाही? नाक आहे, डोळे असतील, एवढ्यावर दिवस काढले. फोटो मागवावा तर दादा विचारणार, समोर बसून काय केलंस? शेवटी मनाची समजूत घातली. ज्या हातांनी काडीएवढं स्टिअरिंग केलं, त्या हातांची धनीण कशी का दिसेना, आपण पदरात पडलेलं नशीब मानायचं.

वाईला घाटाजवळच लग्न झालं. मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला, अंतरपाट खाली आला.

आणि मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

देवा रे! कपाळावर अक्षता चिकटलेल्या, मुंडावळ्यांच्या आड हसू दाबलेलं, आणि सरळ माझ्याकडं बघणारे डोळे. भटजी ओरडताहेत, "हार घाला, हार घाला!" पण माझे हात वर जाईनात. पाठीमागून दादा ढोसताहेत, सुभेदार खाकरताहेत, माणसं हसताहेत. मी आपला बघतोय.

तिनं माझ्या गळ्यात हार घालता घालता मान जरा पुढं केली आणि मला तेवढंच ऐकू येईल असं म्हणाली, "नव्वद रुपयं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मोटार आणलीय मी संगं."

मी तोंड उघडं टाकून विचारलं, "कुठली मोटार?"