पाइपाला दम दिला तेव्हा

आमच्या घरात सगळे कारकून, नाही तर मास्तर. खुर्चीत बसून निवृत्त व्हायचं हा आमच्याकडचा कुळाचार. मी एकटाच पाइप बडवणारा निघालो आणि यवतमाळ सोडून दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, देखभालीच्या कामाला लागलो. कोणी विचारलं तर वडील 'कापसाच्या लाइनीत आहे' एवढंच सांगायचे आणि लगेच चहाचा विषय काढायचे.

कापसाचे ते वाईट दिवस होते. गावातलं एकेक जिन बंद पडत होतं आणि आमचं कधी पडतं एवढंच बघायचं राहिलं होतं. मी तेव्हा काही म्हातारा नव्हतो, पण सकाळी फाटकातून आत शिरतानाच दमल्यासारखं वाटायचं. काम करून माणूस दमतो हे मला माहीत होतं. काम नसूनही दमतो हे तिथं कळलं.

जिनमध्ये खरी भीती आगीची. कापसात एखादा खडा आला, यंत्रात ठिणगी उडाली, की गंजीच्या गंजी खलास. म्हणून आवाराच्या कडेनं पाण्याचा जाड पाइप फिरवलेला असतो. आमचा पाइप वेल्डिंगचा होता, म्हणजे पोलादाची पट्टी गोल वळवून तिच्या दोन्ही कडा लांबीभर जोडलेल्या. त्या जोडाला आम्ही शिवण म्हणायचो. शेठना शिवणीवर कधीच भरवसा नव्हता. एकदा मी आमच्या वेल्डरकडून दोन तुकडे जोडून घेतले, शिकंज्यात आवळले आणि शेठसमोर घणाखाली घातले. तुकडा वाकला, चिरला, पण जोडाच्या बाजूला. जोड जसाच्या तसा. शेठनी निरखून पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "तरी पण साहेब, जोड तो जोडच." अशा माणसापुढे घण आपटून तरी काय फायदा!

त्या वर्षी दसऱ्याला सोनं द्यायला गेलो तेव्हा शेठ म्हणाले, "आगीच्या लाइनीची तपासणी करून घ्या. पाइप पास झाला तर पुढचं बघू." पुढचं म्हणजे कापूसखरेदीचा मुहूर्त, जिन पुन्हा सुरू होणं, हे आम्ही आमचंच ठरवून टाकलं. गरजवंताला 'बघू' हे 'हो'सारखंच ऐकू येतं.

सगळ्यांत जास्त मनावर घेतलं ते याडीनं. ती जवळच्या तांड्यावरची, कापूस निवडणाऱ्या बायांची म्होरकी. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, आणि सगळं आवार तिला तसंच हाक मारायचं. कापसाच्या धुळीत जन्म काढून तिला दमा जडला होता. तिचा मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला निघणार होते. जिन बंद राहिलं तर आईला एकटी मागं ठेवायची मुलाची तयारी नव्हती.

"मिल चालू झाली त मी इथंच राहीन, साहेब," ती मला म्हणाली. "नाही त मले बी ट्रकात बसा लागन. या छातीनं मी उसाच्या मोळ्या वाहू का?"

दिवाळीनंतर, तपासणीच्या दिवशी आवारात पाऊल टाकलं आणि बघतो तर पाइप लालभडक. गोदामात उरलेला रंग काढून बायांनी आदल्या दिवशी सगळी लाइन रंगवून टाकली होती. माझं टाळकंच सरकलं.

"कोणं सांगतलं होतं तुम्हाले हे?"

"मुहूर्त हाय ना जी," याडी कौतुकानं म्हणाली. "लाल लाल पाह्यलं की शेठले बरं वाटन."

"अवो, रंगानं बारीक भोक बुजते! पाणी झिरपलं त दिसन कसं? आधी तपासणी, मंग रंग!"

तिचा चेहरा पडला. मग कोणी काही न सांगता तिनं तारेचा ब्रश उचलला आणि दोन पाइप एकमेकांना जोडले होते त्या पहिल्या जोडापाशी उकिडवी बसली. बाकीच्या बायाही बसल्या. रंगाची पूड उडत होती, याडी खोकत होती आणि पुढच्या जोडाकडे सरकत होती. मी बस म्हटलं तर ऐकेना. मला तिचा रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं.

तेवढ्यात शेठ आले. टँकरचं पाणी बघून म्हणाले, "एवढं पाणी कशाला? कॉम्प्रेसर आहे, हवा भरा."

"हवेनं पाइप फुटला तर माणसं जातील," मी म्हटलं. "पाण्यानं फुटला तर कपडे भिजतील."

पाइपात पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा, सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा बघत बसायचं, याला आम्ही दम देणं म्हणायचो. काटा जागचा हलला नाही तर पाइपानं दम धरला. पहिल्यांदा काटा उतरला. हळूच, पण उतरला. आम्ही लाइनीवरून हात फिरवत निघालो. गाठी बांधायच्या प्रेसच्या मागं, पाइप वळतो तिथं, याडीनं घासलेल्या जोडावर पाण्याचा एक थेंब लोंबत होता. सुईच्या टोकाएवढं भोक होतं, सकाळपर्यंत रंगाखाली झाकलेलं. शिवण मात्र टोकापासून टोकापर्यंत कोरडी होती. पाणी ड्रमांत काढून घेतलं. वेल्डरनं जोड खरवडून पुन्हा भरला. मग पाणी परत चढवलं आणि पुन्हा दम दिला.

या वेळी काटा हलला नाही. दुपार गेली, ऊन उतरलं, तरी हलला नाही. याडी घरी जायचं सोडून घड्याळासमोर बसली होती.

"धरला का जी?"

"धरला."

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि वेल्डरनं तिला पाणी आणून दिलं. त्या संध्याकाळी मी सायकलवरून घरी जाताना, कितीतरी महिन्यांनी, शीळ घालत होतो.

दुसऱ्या दिवशी शेठ पुसदच्या एका माणसाला घेऊन आले. त्या माणसानं पाइपावर बोटांनी टकटक केलं, घड्याळ पाहिलं.

"पास?" शेठनी मला विचारलं.

"पास."

"बघा," शेठ त्या माणसाला म्हणाले, "भंगार म्हणून देत नाही. पाइप म्हणून देतोय."

मला समजायला जरा वेळच लागला. तो माणूस फाटकाकडे गेल्यावर शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "कापूस कुठं आहे, साहेब? मुहूर्ताला दोन गाड्या आल्या तर आल्या." मग म्हणाले, "पाणी काढून टाका. उद्या पाइप उचलणार आहेत."

मला चिडायचं होतं. पण तेवढंही त्राण नव्हतं. मी वेल्डरला सांगितलं, वेल्डरनं बायांना सांगितलं. कोणी रडलं नाही, कोणी भांडलं नाही. बाया आपापले डबे घेऊन निघून गेल्या.

याडी तेवढी परत आली. डोक्यावर पाटी, पाटीत तिच्या घरची स्वयंपाकाची भांडी.

"पाणी वाया काहून घालता, साहेब? भांडे घासून घेतो. परवा ट्रक निघते."

मी व्हॉल्व्ह उघडला. काटा झपकन खाली आला आणि गढूळ, तांबूस पाणी पडायला लागलं. ती खाली बसून राखेनं एकेक भांडं घासू लागली. तिच्या नखांत अजून लाल रंग होता.

"पाइप पक्का होता जी तुमचा," ती मान वर न करता म्हणाली. मलाच धीर देत होती ती. "दम धरला त्यानं."

मी हो म्हटलं. पाणी भराभर ओसरत होतं आणि पाटीत अजून अर्धी भांडी शिल्लक होती. ती मध्येच थांबायची, छातीवर हात धरायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा घासायला लागायची. मी व्हॉल्व्हचं चाक थोडं आवळलं आणि धार बारीक केली, तिचं होईपर्यंत पाणी पुरावं म्हणून.