ओलं म्हणजे नक्की किती ओलं?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतला कचरा रोज सकाळी उचलला जातो. किस्से मात्र कुणी उचलत नाही, ते साचत राहतात. ठाण्याच्या कोर्टातून रिटायर झाले आणि मोठ्या हौसेने सोसायटीच्या कचऱ्याचं काम अंगावर घेतलं. तेव्हापासून एवढे साचलेत की त्यातले थोडे आज तुमच्या दारात ओततेच. हसू आलं तर हसा. मला आता येत नाही.

*

पहिली मीटिंग. विषय एकच : ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. पाच मिनिटांचं काम! सांगून मी खाली बसतेय तोवर तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनीअर उठले. "मॅडम, ओलं म्हणजे नक्की किती ओलं?"

झालं! तासभर चर्चा. चहाचा चोथा ओला, पण वाळल्यावर? शिळी पोळी कडक असते, मग ती सुक्यात का नाही? नारळाची शेंडी कुठे?

शेवटी आमचे चेअरमन प्रधान म्हणाले, "यावर एक समिती नेमू."

अहो, नारळाच्या शेंडीवर समिती! ती अजून बसतेय.

*

मग मी गच्चीवर खताचे ड्रम आणवले. तिसऱ्या दिवशी तक्रार अर्ज! 'खताच्या वासाने डोकं धरतं, मुलं आजारी पडताहेत.' खाली अख्ख्या बी विंगच्या सह्या.

मी प्रधानांना तशीच गच्चीवर घेऊन गेले आणि एकेक झाकण उघडून दाखवलं. ड्रम रिकामे! आत केळ्याचं एक सालसुद्धा पडलं नव्हतं.

प्रधान वाकले, नाक आत घातलं, दीर्घ श्वास घेतला. म्हणाले, "नाही येत. पण एवढ्या सह्या आहेत म्हणजे थोडा तरी येत असणार."

ड्रम परत गेले.

*

पर्यावरण दिनाला सोसायटीने बॅनर केला. 'झाडे लावा, झाडे जगवा.' प्लास्टिकचाच, पण ते सोडा. बॅनर गेटवर लागला आणि फोटोच्या वेळी लक्षात आलं की बदामाच्या फांद्या मधे येताहेत, बॅनरवरचा प्रधानांचा चेहरा झाकला जातोय.

मी खाली येईपर्यंत फांद्या जमिनीवर!

"अरे, कुणी सांगितलं तोडायला?" मी ओरडले.

वॉचमनने हातातला कोयताच बॅनरकडे केला. "साहेबांनी. 'जगवा' दिसत नव्हतं ना मॅडम."

*

उन्हाळ्यात एकदा टाकी संपली. लिफ्टमध्ये नोटीस : दोन दिवस पाणी जपून वापरा. त्याच सकाळी खाली ए विंगचे एक सद्गृहस्थ पाइप लावून गाडी धुताहेत. पाणी गेटपर्यंत वाहतंय!

"लाज वाटत नाही?" मी विचारलं. सरळच विचारलं.

"ओ काकू, ओरडता कशाला? माझ्या वाटचं पाणी आहे. मी आज आंघोळ नाही केलेली!"

*

आमच्याकडे कचरा गोळा करते ती सुनीता. ऐंशी घरांचा कचरा एकत्रच खाली येतो आणि ती बिचारी पत्र्याच्या शेडमध्ये बसून हाताने ओला-सुका वेगळा करते. एका सकाळी कुणीतरी भाताच्या खरकट्यात फुटलेली बरणी घालून पाठवली. सुनीताचा तळवा चिरला. टाके घालायला मी तिला रिक्षाने घेऊन गेले. रस्ताभर ती हात उंच धरून बसलेली.

परत आले ती थेट प्रधानांकडे. म्हटलं, "सगळ्यांना बोलवा, आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण आपण तिला ग्लोव्हज दिले होते की!"

दिले होते. एक जोड. फोटो काढून झाल्यावर ऑफिसच्या कपाटात ठेवले, खराब होऊ नयेत म्हणून!

त्या दिवशी मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

मग प्रधानांना सुचलं की सव्वीस जानेवारीला सुनीताचा सत्कार करू. झेंडावंदन झालं, शाल झाली, श्रीफळ झालं. टाळ्या. प्रधानांनी हौसेने तिच्या पुढ्यात माईक धरला. "बोल गं दोन शब्द. घाबरू नको."

सुनीताने पट्टी बांधलेला हात शालीतून बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताने माईक घेतला.

"मी जास्त शिकलेली नाय. पण तुमच्या सगळ्यांच्या पिशव्या रोज उघडते. डॉक्टरने साखर बंद केलीय आणि तरी जिलेबीचे कागद कुणाच्या घरून येतात, मला माहितीये. दारू सोडली म्हणून पूजा कुणी घातली आणि बाटल्या अजून कुणाच्या येतात, ते पण माहितीये. दिवाळीला घरचा फराळ म्हणून ताटं कुणी वाटली आणि दुकानाचे डबे कुणाच्या कचऱ्यात होते, सगळं माहितीये. आजपर्यंत कुणाला बोलले नाय."

कुणीतरी खोकलं. प्रधान माईककडे हात न्यायला लागले. ती एक पाऊल मागे सरकली.

"उद्यापासून ओला वेगळा, सुका वेगळा. काच पेपरात बांधून, वर लिहून. नाहीतर पंधरा ऑगस्टला मला परत माईक द्या. तेव्हा फ्लॅट नंबर सांगते."