गुरुजींनी सुधारलेलं बोलणं

पवनीजवळच्या एका गावात भैयाजी गुरुजींनी बत्तीस वर्षं मराठी शिकवली. त्यांच्या वर्गातून निघालेलं पोर 'मले-तुले' म्हणत नाही, अशी आसपासच्या गावांत त्यांची ख्याती होती, आणि गुरुजींना तिचा अभिमान होता. शुद्ध बोललं तर पोरं पुढं जातील, भंडाऱ्याला-नागपूरला त्यांना कोणी हसणार नाही, हे त्यांनी मनापासून मानलं होतं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत ते मंडईच्या जत्रेला गेले. रात्री दंडारीचा, नाचगाण्याच्या लोकनाट्याचा, खेळ उभा राहिला. सोंगाड्या काहीतरी बोलला आणि शेजारचे दोन म्हातारे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. गुरुजींना शब्दच कळला नाही. त्यांची माय तो शब्द वापरायची एवढं आठवलं. अर्थ काही केल्या आठवेना. आपण इथंच जन्मलो, इथंच म्हातारे झालो, आणि हसायचं तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्यासारखे बसलो, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही आणली आणि तीन रकाने आखले: शब्द, इतिहास, रीत. रोज एक ओळ भरायची, रोज थोडं शिकायचं. इतिहासाचा रकाना भराभर भरला. पवनीची टेकडी, जुन्या स्तूपाचे अवशेष, तटाची वेस यांवर ग्रंथालयात पुस्तकं होती. रीतीही मिळत गेल्या. शब्द मात्र मिळेनात. धानाच्या शेताची बांधी, तिच्या बांधाचा धुरा, पाणी साठवायची बोडी हे त्यांना ठाऊकच होते. कापणीनंतर शेतात पडून राहिलेल्या लोंब्यांना 'सरवा' म्हणतात, हा एक नवा मिळाला. त्यापुढं गाडं अडलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते धुऱ्यावर जाऊन उभे राहिले, की चिखलात वाकलेल्या बायांचं बोलणं थांबायचं. काही विचारलं तर त्या पुस्तकातल्यासारखं, अडखळत उत्तर द्यायच्या. आधी गुरुजींना तो मान वाटला.

मग कोणीतरी सांगितलं, की शेजारच्या गावातल्या तेजरामच्या मायजवळ, रुखमिणीबाईंजवळ, जुन्या शब्दांचा आणि गाण्यांचा साठा आहे. तेजरामचं नाव ऐकून गुरुजी दोन दिवस घरातच बसले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतला हा पोरगा. चौथीत असताना 'गुरुजी, मले तहान लागून राहिली' म्हणाला होता. नीट बोलशील तेव्हा पाणी, असं म्हणून त्यांनी त्याला उन्हात उभं केलं होतं. पोरगं घाबरून पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिलं आणि वर्ग हसत राहिला. मधली सुट्टी होईपर्यंत ते चाललं. शेवटी त्यानं पाणी मागणंच सोडलं.

माफी मागायचं ठरवूनच गुरुजी गेले. तेजराम अंगणात धानाची पोती शिवत होता. गुरुजींना पाहताच उठला, हात पुसले, पाया पडला. खुर्ची आणली. आतून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, ती म्हशीशी काहीतरी बडबडत होती. गुरुजींनी कान टवकारले. तेजरामनं दाराकडे पाहून हळूच सांगितलं, "गुरुजी आलेत," आणि आवाज बंद झाला.

गुरुजींनी वही उघडली, येण्याचं कारण सांगितलं. आईंना भेटता येईल का, असं विचारलं.

"आई मागच्या पौषात गेली, गुरुजी," तेजराम म्हणाला.

मग त्यानं आपणहून सांगितलं, की शेवटची दोन वर्षं ती फारसं बोलतच नव्हती. तिचं बोलणं ऐकून नातवंडं हसायची. त्यानंच तिला सांगून ठेवलं होतं, की पोरांसमोर तसं बोलू नको, त्यांची भाषा बिघडते.

गुरुजींच्या तोंडून कसंबसं निघालं, "त्या दिवशी मी तुला उन्हात उभं केलं होतं..."

"बरं केलं तुम्ही," तेजराम हात जोडून म्हणाला. "तुम्ही शिक्षा केली म्हणून मी सुधारलो. आमच्या अमरला पुण्यात नोकरी लागली. त्याला आजीच्या बोलण्यातला एकही शब्द येत नाही."

हे सांगताना त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्याच्या मनात राग असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. माफी मागायला आलेल्या माणसानं आभार घेतले, चहा घेतला, आणि वहीत काही न लिहिता गाडी सुरू केली.

घरी त्यांनी बायकोला, ललिताबाईंना, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "लग्न होऊन आलीस तेव्हा तू कशी बोलायचीस, तसं एकदा बोल ना माझ्याशी."

ललिताबाई तुमसरकडच्या एका खेड्यातल्या. पहिल्या वर्षभरात गुरुजींनी त्यांचंही बोलणं वळणावर आणलं होतं. प्रत्येक वाक्याला टोकून, चारचौघांत, सासूसमोर. त्या हातातलं निवडण बाजूला ठेवून समोर बसल्या. "काहून जी, आज..." एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ हलले, पण पुढचं काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मग ओशाळून हसल्या.

"नाही जमत आता," त्या म्हणाल्या. "नाटक केल्यासारखं वाटतं."

आणि जेवायला वाढू का, हे त्यांनी अगदी शुद्ध मराठीत विचारलं.