अपंगत्व कायम आहे काय?

सरकारी ऑफिसात बढती मिळो न मिळो, किस्से मात्र साठतच जातात. आणि माझ्याकडे तर पेन्शनचं टेबल होतं! खामगावला, रस्ते खात्यात. महाराष्ट्र नुकताच झाला होता, पण छापील फॉर्म अजून जुन्या मध्यप्रदेशचेच होते. ते नाव खोडून आम्ही वर शिक्का मारायचो.

नोकरीत अपंग झालेल्यांनी वर्षातून एकदा सरकारी डॉक्टरपुढे उभं राहायचं, असा नियम होता. डॉक्टरांनी ‘अपंगत्व कायम’ लिहिलं की पेन्शन चालू. ‘सुधारणा आहे’ लिहिलं की पेन्शन बंद, आणि माणसानं पुन्हा कामावर हजर व्हायचं. त्या दिवशी आमच्या व्हरांड्यात जत्राच भरायची.

*

सोनाळ्याच्या लक्ष्मणचा पाय रोलरखाली गेला होता. गुडघ्यापासून खाली काहीच नाही. तरी फॉर्मवरचा प्रश्न दरवर्षी विचारावाच लागे. एकदा मी मान खाली घालून विचारलं, अपंगत्व कायम आहे काय?

लक्ष्मण गंभीरपणे म्हणाला, “यंदा पाऊसपानी बरं झालं साहेब, पन पाय नाई फुटला.”

*

नकाशे काढून काढून डोळे गेलेले एक ट्रेसर होते. त्यांच्या फॉर्मच्या तळाशी छापलं होतं, ‘वरील सर्व नियम मी वाचले आहेत.’ त्याखाली सही करायची! ते म्हणाले, वाचता आलं असतं तर तुमच्या शेजारच्या टेबलावर नसतो का बसलो?

आमचे हेडक्लार्क बापूसाहेब नियमाला पक्के. त्यांनी ‘वाचले’ खोडून ‘ऐकले’ केलं आणि सगळे नियम मोठ्यानं वाचून दाखवले. ट्रेसर जागे राहिले. आम्ही बाकीचे पेंगलो.

*

खडी फोडायच्या मशीनवर कान गेलेल्या शेख चाचांना डॉक्टरांनी पाठीमागून हळूच विचारलं, चहा घेणार का? चाचा ढिम्म. डॉक्टरांची खात्री पटली. त्यांनी सही ठोकली आणि तसंच मागून सांगितलं, झालं, जा आता.

चाचा दुपारपर्यंत त्याच स्टुलावर बसून होते.

*

पण खरा घोर लावला तो उंद्रीच्या गणपतराव मुकादमांनी. खडीचा ट्रक उलटून त्यांची कंबर कायमची मोडली होती. घरात सहा तोंडं आणि मिळकत पेन्शनची तेवढीच. वाकणं जमत नसे, पण ऐट अशी की साहेबापुढे काठी आणायची नाही, खुर्चीवर बसायचं नाही.

आदल्या वर्षी डॉक्टर घाईत होते. त्यांनी विचारलं, कसं काय? गणपतराव ताठ उभे राहून म्हणाले, “आपल्या किरपेनं झकास!” डॉक्टरांनी लिहिलं, ‘सुधारणा आहे.’ पेन्शन थांबली. बापूसाहेबांनी अर्जावर अर्ज करून फेरतपासणी मिळवली, तेव्हा कुठे पुन्हा आशा दिसली. या वेळी लिहिलं ते कायमचं, एवढं बजावून पत्र आलं होतं.

तपासणीच्या सकाळी बापूसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. जे दुखतं तेच सांगा, झकास हा शब्द काढू नका.

गणपतराव नाराज झाले. “मोठ्या मानसानं खुशाली पुसली तं त्याच्यापुढं रडगानं काऊन लावाचं?”

आत गेले. बापूसाहेब आणि मी फाईल घेऊन मागे उभे. डॉक्टरांनी पेन उचललं आणि विचारलं, काही त्रास?

“काई नाई साहेब. मजेत हावो.”

बापूसाहेबांनी डोळे मिटले. डॉक्टर लिहायला वाकले, तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. गणपतरावांची बायको सकाळपासून व्हरांड्यात बसली होती. तोंडातून शब्द न काढणारी बाई. डोईवरचा पदर सावरून ती दारातूनच म्हणाली,

“साहेब, यायच्या पायात जोडे कोन घालते, ते इचारा.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी गणपतरावांकडे पाहिलं.

गणपतरावांची मान पहिल्यांदाच खाली गेली.

“घरवालीच घालून देते साहेब,” ते हळूच म्हणाले. “पन कोनाले सांगाचं नाई, असं ठरलं होतं आमचं.”