देवघरातला विझू द्यावयाचा दिवा

सुहृदांनो, आज सकाळी माझ्या श्रद्धेने एका संशोधनात विघ्न आणले.

आमच्या अमरावतीच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी प्रज्ञा विद्यापीठात संशोधन करते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, कोळशापासून तिने स्वस्त बॅटरी सिद्ध केली आहे. दिवसाची सौरऊर्जा रात्री गरिबाच्या घरी पुरावी, हा तिचा ध्यास. त्या बॅटरीवरचा छोटा दिवा तिने परवा आमच्या देवघरात ठेवला.

आज पूजेच्या वेळी तो मंदावला. देवापुढचा दिवा शांत होऊ देऊ नये, हा आमच्या घरचा दंडक. मी तत्परतेने चार्जर जोडला.

प्रज्ञा खाली आली आणि मटकन बसली. "आजोबा, एकदा भरल्यावर दिवा कधी इझते, हेच तर मले पाह्याचं होतं. सोमवारी सरांले आकडा द्याचा हाय."

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जगाले शास्त्र सांगता, अन् पोरीले इचारलं काहून नाही?"

मी क्षमा मागितली. प्रज्ञा हसली. "आज शुक्रवार हाय. पुन्हा लावू, रविवारपर्यंत होते. फक्त हात नोका लावू."

आता दिवा पुन्हा तेवत आहे. तो शांत होईल ती वेळ वहीत मीच लिहिणार आहे. देवापुढे बसून दिवा विझण्याची वाट पाहणे पाप वाटेल, असा माझा समज होता. परंतु सत्य जाणण्यासाठी केलेली प्रतीक्षा हीदेखील उपासनाच, असे आज वाटते आणि मन प्रसन्न आहे.

आपल्या घरच्या एखाद्या प्रथेने कधी अशीच कुणाची वाट अडवली होती का?