नव्या पिचरचा खांदा

रोमन झिल्कचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. अमेरिकेतल्या मिलवॉकीत जुलैची छपरं लवकर तापतात, म्हणून छपरं बसवणारे अंधारातच शिड्या लावतात.

दुपारी तो डोरिसच्या बारमध्ये आला तेव्हा टीव्हीवर बेसबॉल लागलं होतं; शहराच्या संघाच्या नव्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, पहिला सामना चालू होता. ऐन हंगामात दुसऱ्या एका संघाला दोन उमदे खेळाडू देऊन त्याला आणला होता. पाच डाव झाले, तरी समोरच्यांची एकही धाव नव्हती.

"त्याला देणाऱ्यांना चक्क लुटलं आपण," शेजारच्या स्टुलावरचा लेनी म्हणाला.

रोमन पडद्याकडे बघत राहिला. प्रत्येक फेकीनंतर पिचरचा उजवा हात नुसता लोंबत होता. टोपीसुद्धा तो हातमोजा घातलेल्या डाव्या हाताने सारखी करत होता. गेले चार महिने उजवा खांदा दुखत असल्याने रोमनचंही तेच चाललं होतं. मुकादमाला कळलं तर काम जाईल, म्हणून छपराच्या सामानाचे तीस-तीस किलोचे गठ्ठे तो डाव्या खांद्यावरून चढवत होता.

"त्याचा खांदा गेलाय," तो म्हणाला.

"डॉक्टर कधी झालास रे?" डोरिस हसली.

सहाव्या डावात पिचर चेंडू टाकून खांदा धरून खाली बसला.

"दुखत होतं तर आधी बोलायचं ना बाबा," लेनी चिडला.

"बोलला असता, तर घेतला असता का कोणी?" रोमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोमनने मुकादमाला आपला खांदा दाखवला. बरा झालास की ये, एवढंच मुकादम म्हणाला. जागा ठेवतो म्हणाला नाही. चार उन्हाळ्यांच्या मजुरीतून साठवलेले पैसे खांद्याच्या शस्त्रक्रियेत गेले.