पॅनेलच्या घरात सासरे

घरांना पॅनेलच्या भिंती बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे थर्मास म्हणत. ते नाव त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून कोण आलंय ते बघायचा. दोन पत्रे, मध्ये चार बोटं जाडीचा फोम, झाली भिंत. ऊन बाहेर, गारवा आत. हे तो न्हाव्यापुढे मान झुकवूनही सांगत राहायचा, आणि वस्तरा चालू आहे हे विसरून हातवारे करायचा.

स्वतःचं घरही त्याने पॅनेलचंच उभं केलं. पण जागा सासऱ्यांची, आणि सासरे जन्मभर विटा रचत आलेले गवंडी. त्यांनी भिंतीवर टिचकी मारली. भिंत डब्यासारखी वाजली. त्यांनी निकाल दिला: भर उन्हाळ्यातली एक दुपार आपण इथे बसून काढणार. उकडलं, तर हे खोकं उतरवायचं आणि विटांचं घर बांधायचं, तेही जावयाने सासऱ्यांच्या हाताखाली राबून. या शेवटच्या अटीनेच जावयाला घाम फुटला.

ठरल्या दुपारी सासरे आले, पण एकटे नाही. मेहुणे, मेहुण्या, त्यांची पोरं, एक धिप्पाड मावससासू आणि पंच म्हणून शेजारचा शिंपी. गारवा निसटू नये म्हणून थर्मासने दारंखिडक्या गच्च लावल्या. बायकोने चहाचं मोठं पातेलं चढवलं. बघता बघता खोलीची भट्टी झाली.

सासऱ्यांनी कपाळ पुसलं आणि फार मायेने विचारलं, "जावईबापू, ऊन लागू नये म्हणून आत आलो. आता उकडू नये म्हणून उन्हात जाऊ का?"

थर्मास समजावू लागला. भिंतीचा दोष नाही, माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी. जी भिंत बाहेरची धग आत घेत नाही, ती आतली तरी बाहेर कशी सोडेल? मावससासूला त्यातलं 'शेगडी' तेवढं ऐकू आलं.

सासरच्या माणसांना घराबाहेर काढायला वाघाचं काळीज लागतं. पण सासऱ्यांच्या हाताखाली विटा वाहायच्या, या विचाराने ते आलं.

"सगळे बाहेर व्हा," थर्मास म्हणाला.

"बाबा सोडून," बायकोने घाईघाईने जोडलं.

पातेलं उतरलं, मंडळी फणफणत बाहेर गेली, खिडक्या उघडून कोंडलेली वाफ घालवली आणि पुन्हा बंद केल्या. सासरे एकटेच आत, हाताची घडी घालून घाम येण्याची वाट बघत बसले. घाम येईना. मग ते बाहेर आले, पत्र्याला हात लावला आणि चटका बसून झटकला. तोच हात आत जाऊन त्याच भिंतीला लावला. मग दुसरा. मग कोणी बघत नाहीसं वाटून गालसुद्धा लावला. खिडकीच्या काचेतून सगळी सासुरवाडी बघत होती.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"बाबा, पटलं ना?" थर्मासने दाराला तोंड लावून विचारलं.

"पटलं. आता दार उघडायला लावून गारवा घालवू नका."

विटा टळल्या. थर्मासने भर उन्हात उभं राहून बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "पण आता आपण राहायचं कुठे?"